भूमिकानं न बदललेलं वाक्य

मार्चमध्ये संस्थाचालकांच्या पुतण्याचे तोंडी परीक्षेचे गुण वाढवायला भूमिकानं नकार दिला आणि जूनमध्ये तिच्याकडून दहावीचा वर्ग काढून घेतला गेला. नंदनवन वस्तीतल्या एका खासगी शाळेत ती इंग्रजी शिकवायची. मुख्याध्यापक मधुसूदन सरांनी लेखी कळवलं, ‘आपण दहावीला शिकवण्यास पात्र नाही.’ कशावरून, तर त्याच पत्रात पुढे होतं, ‘पात्र असता, तर वर्ग काढलाच नसता.’

भूमिकानं इंग्रजीत उत्तर दिलं. त्यातलं एक वाक्य होतं, ‘युअर लेटर बेग्ज द क्वेश्चन.’

सरांनी ते भर स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. “कोणता क्वेश्चन, मॅडम? पुढे प्रश्नच नाही! ‘बेग्ज’ काढा, ‘रेझेस’ लिहा, आणि प्रश्न काय तो विचारा.”

दोघं-तिघं हसले. भूमिकाचे कान तापले, पण ती उठून उभी राहिली.

“मला प्रश्न विचारायचाच नाही, सर. जे सिद्ध करायचं तेच तुम्ही आधी खरं धरलंय. हे वाक्य तेवढंच सांगतं. पेपरवाले ते ‘प्रश्न उभा राहतो’ अशा भलत्या अर्थानं लिहितात, म्हणून मी लिहू का?”

संध्याकाळी हिंगण्याच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेल्या ऋषिकेशनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकलं आणि हेल्मेट हातातच धरून म्हणाला, “एक शब्द बदलून टाक न वं. काहून अडून राहिली?”

“शब्द बदलला का आरोपच बदलते, जी. ‘रेझेस’ लिहिलं तर मी त्याइले इचारून राहिली, असं होते. मले इचारायचं नाही. त्याइनं लबाडी केली, हे सांगायचं आहे.”

त्यानं हेल्मेट खुंटीला अडकवलं. चहा त्यानंच ठेवला.

तिचं पत्र संस्थेच्या बैठकीत गेलं. अध्यक्ष भैय्याजी, त्या पुतण्याचे काकाच, समजुतीच्या सुरात म्हणाले, “छोडो ना मॅडम. पत्र मागं घ्या, आपण पुढल्या वर्षी बघू.”

सदस्य यमुताईंनी चष्मा लावून दोन्ही पत्रं वाचली. “मधुसूदनराव, वर्ग काढण्याआधीचं एखादं कारण सांगा. नंतरचं नको.”

सर फायली चाळत राहिले. कारण निघालं नाही. भैय्याजींनी घाईघाईनं पुढचा विषय घेतला, शाळेच्या रंगकामाचा.

“माझ्या पत्राचं काय?” भूमिकानं विचारलं.

“सांगितलं ना, मागं घ्या.”

“मले नाही घ्यायचं!” घरची बोली तिच्या तोंडून अशी बाहेर पडली आणि या वेळी कुणी हसलं नाही.

दहावी तिला मिळाली नाही. आठवीवर पाठवलं. तिथं ती खणखणीत आवाजात शिकवू लागली. त्याच आठवड्यात तिनं शिक्षण विभागाकडे तक्रार टाईप केली, त्यात ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. विभागाच्या कार्यालयात खिडकीतला माणूस अर्ज घेत म्हणाला, “ठेवून जा, पोच नंतर मिळेल.”

“आत्ताच द्या,” भूमिका म्हणाली आणि मागं रांग वाढत गेली तरी तिथून हलली नाही.