नारळ चुलत्याने दिला

१८ मार्च. पोलादपूर पोलीस ठाण्यात बसून मी २० मार्चच्या चवदार तळ्याच्या बंदोबस्तासाठी महाडला कोणाकोणाला पाठवायचं ते ठरवत होते. निवृत्तीनंतर पुष्कळ तारखा पुसल्या गेल्या, ही गेली नाही.

महाडच्या एक शिक्षिका समोर येऊन बसल्या. घटस्फोटित, पदरी नऊ वर्षांची मुलगी. रविवारी त्यांचं दुसरं लग्न होतं. नवरा मुलगा आमच्या हद्दीतल्या डोंगरावरच्या गावचा. आधी मुंबईकडे गाडी चालवायचा, आता महाडच्या कारखान्यांत टेम्पो लावला होता.

त्यांनी पर्समधून छापील कागद काढले. पोलिसांच्या संकेतस्थळावर गुन्ह्याची पहिली खबर, म्हणजे एफआयआर, कोणालाही वाचता येते. बाईंनी रायगड, मुंबई, ठाणे, सगळीकडे त्याचं नाव शोधलं होतं. काही निघालं नव्हतं.

"मग चांगलंच झालं," मी म्हटलं.

"हो. पण मुलगी त्याच्या टेम्पोत बसत नाही. का विचारलं तर गप्प. भाऊ म्हणतो, तुझंच डोकं फिरलंय, दुसऱ्यांदा कोण करणार तुझ्याशी. तो स्वतः म्हणतो, काही भानगड असती तर पोलिसांकडे चारित्र्याचा दाखला मागितला असता का?"

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण बाईंना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. लहान मुलांवरच्या आणि बायकांवरच्या लैंगिक अत्याचाराचे गुन्हे त्या संकेतस्थळावर टाकत नाहीत. पीडितेचं नाव फुटू नये म्हणून. नियम योग्यच आहे. पण आई म्हणून त्या जे शोधत होत्या, नेमकं तेच तिथे दिसणार नव्हतं.

दाखल्याचा अर्ज खरोखरच आमच्याकडे पडताळणीला आला होता. पत्ता गावचा. आमच्या ठाण्यात त्याच्यावर काही नव्हतं, आणि असणार कुठून? माणूस हयातभर मुंबईकडे. मी गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला.

"पोरगा चांगला हाय म्याडम. बापाला वळखायचो मी त्याच्या."

"बापाचं नाही विचारत. यंदा शिमग्याला पालखी त्याच्या घरी आली, तेव्हा नारळ कोणी दिला?"

"आता शिमग्याचा नारळपन पोलिसांत नोंदवायचा काय?" पाटील हसले. "त्यानंच दिला."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी... चुलत्यानं. त्याच्या आदल्या सालीबी चुलत्यानंच."

"गणपतीला आला होता?"

"नाय. सुट्टी नाय मिळाली म्हनं." मग पाटलांचा आवाज खाली आला. "म्हातारी गेली त्याची, तवापन नाय आला. अग्नी चुलत्यानंच दिला."

आमच्याकडचा माणूस नोकरी सोडेल, पण शिमगा आणि गणपती चुकवणार नाही. एखादं वर्ष चुकवलंच, तरी आईसाठी येतोच. ज्याला येता येत नाही, तो अंथरुणावर तरी असतो नाहीतर गजाआड.

दुपारी त्याला अर्जाच्या चौकशीसाठी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं.

"प्रलंबित गुन्हा नाही, असं लिहिलंय तुम्ही."

"नायच हाय."

"आईला अग्नी चुलत्याने का दिला?"

तो पंख्याकडे बघत राहिला. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत पुष्कळ अधिकारी इथेच चुकतात. समोरच्याची शांतता स्वतःच भरून टाकतात.

"केस खोटी हाय म्याडम. घरमालकानं भाड्यावरनं अडकवला. जामिनावर हाय मी."

"खोटी की खरी ते कोर्ट बघेल. लपवली का?"

"रविवार झाला की सांगणार होतो."

केस कुठली ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि ठाणे शहरातल्या त्या पोलीस चौकीला फोन करून खात्री केली. बाई बाहेर बाकावरच होत्या. त्यांना आत घेतलं आणि त्याला म्हटलं, "आता तुम्हीच सांगा."

"केस हाय माझ्यावर," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "घरमालकाच्या मुलीची. ल्हान हाय ती."

बाई रडल्या नाहीत. कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दाराशी त्याने हाक मारली तरी वळल्या नाहीत. मला मात्र विचारलं, "माझ्या मुलीला काही..."

"उद्या घरी येते," मी म्हटलं. "तिलाच विचारू."

सरकारी नोंदी जरूर बघाव्यात, मीही सगळ्यांना तेच सांगते. पण 'नोंद सापडली नाही' एवढाच त्याचा अर्थ. माणूस कुठे राहिला, मधली वर्षं कुठे होता, हे विचारायची लाज बाळगू नये. आणि घरातलं लहान मूल एखाद्यापाशी जायला नको म्हणतं, तेव्हा ते काही दाखला जोडत नाही; ते तसंच ऐकावं.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला महाडला जायचंच होतं. तासभर आधी निघाले आणि साडी नेसून बाईंच्या घरी गेले. लहान मुलांशी बोलताना आम्ही वर्दी घालत नाही. मुलगी मागच्या पायरीवर मांजरीला दूध पाजत होती. शेजारी बसले. मांजरीचं नाव विचारलं, तिला पिल्लं किती झाली ते विचारलं. मग टेम्पोचं विचारलं.

ती मांजरीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"तो खाऊ देतो," ती म्हणाली. "आणि आईला सांगू नको म्हणतो."

मी तिथूनच स्वयंपाकघरात हाक मारली. बाई पदराला हात पुसत आल्या.

"इथे बसा," मी म्हटलं, आणि मुलीकडे वळले. "आता आईला सांग."