वरच्या दाढांचं हाड आणि चवथीची फुगडी

वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा मी तिशीतच काढून टाकल्या होत्या. त्यानंतर बरीच वर्षं सगळं खाणं डाव्या बाजूने चाललं. मध्ये एकदा काढ-घाल करायची कवळी करून घेतली. तेव्हा मी डिचोलीला खाणीच्या कचेरीत ट्रकांच्या फेऱ्या लावायचे, म्हणजे दिवसभर फोनवर ड्रायव्हरांना ओरडायचं. एका ड्रायव्हरला झापताना कवळी टेबलावर पडली आणि समोरचे दोघे अदबीने खिडकीबाहेर बघत राहिले. कवळी डबीत गेली. मला पक्के दात हवे होते.

पणजीच्या डॉक्टरणीने मोठा एक्स-रे दाखवला. दाढा गेल्या की त्या जागचं हाड झिजत जातं, तसं माझं झालं होतं. स्क्रू रोवायला जागाच नव्हती. त्या पातळ हाडाच्या वर नाकाला जोडलेली हवेची पोकळी असते. तिचा पडदा अलगद उचलायचा, खाली हाडाची पूड भरायची आणि पुडीचं हाड होईपर्यंत काही महिने थांबायचं.

"शिंकरायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, फुगे फुगवायचे नाहीत," ती म्हणाली. "आतून जोर आला तर पूड हलते. एकदा बिघडलं तर त्या जागी मी पुन्हा हात घालणार नाही. मग कवळीच."

मी कामाला लागले. रजा कधी मिळते, मुलांच्या परीक्षा कधी, मऊ जेवणाला काय काय लागेल, सगळं मांडलं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीचा आठवडा ठरवला. चवथीला कचेरी अर्धी रिकामी असते आणि माहेरी, उत्तर गोव्यातल्या चोपडे गावी, गेलं की मला काडीचं काम करू देत नाहीत. यापेक्षा चांगली विश्रांती कुठे मिळणार? अख्ख्या गोव्याने आजारपणाच्या तारखा अशाच काढलेल्या असतात.

भरणं व्यवस्थित झालं. टाके घालून, सुजलेला गाल घेऊन मी चोपड्याला पोहोचले.

आत्याने आधी गालाकडे पाहिलं. "हाड भरलांनी म्हणतंस. कोणाचा हाड गो ता?"

"कारखान्यात करतात, आत्ये."

"मगे बरा," म्हणून ती मोदकांकडे वळली.

पूजा, आरत्या झाल्या. रात्री जेवणं आटोपल्यावर बायका गणपतीसमोर जमल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की फुगडीचा मी विचारच केलेला नाही. आमच्याकडची फुगडी नुसती गोल फिरण्याची नाही. वेग आला की दोघींनी ठेक्यात 'फू' करायचं, पोटातून, समोरच्या तोंडावर वारा लागेल इतकं. आणि घरातली पहिली जोडी वर्षानुवर्षं माझी आणि वहिनीची.

वहिनी वेंगुर्ल्याकडची. ती कंबर खोचून उभी. "वन्सं, उठा. तुमी बसलात तर ह्यो बाकीच्यो पण बसतल्यो."

"मला फुंकायचं नाही."

"नका फुकू. मी दोघींचा फुकतंय."

हे मला पटलं, हीच गंमत. उठले. हात धरले, तोंड उघडं ठेवलं आणि फिरले. पहिले फेरे नीट गेले. मग बायकांनी टाळ्यांचा वेग वाढवला, वहिनी फू फू करत सुटली आणि त्या गोंधळात माझ्या तोंडातून काय निघालं ते मला सांगता येत नाही.

थांबलो तर माझ्या नाकातून रक्ताची बारीक रेघ.

"वन्सं फुकूक नाय," वहिनी लगेच म्हणाली. "माज्या तोंडार काय लागाक नाय."

"तुजा तोंड तुज्याच वाऱ्यान भरलेला," आत्या म्हणाली. "फुकलां तेनी. मी बघलंय गाल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीला फोन केला. ती दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची, फुगडी तिला माहीत होती, पण तिच्या सूचनांच्या कागदावर नव्हती. "फुंकलं की नाही तेवढं सांगा."

"घरात मतभेद आहेत," मी म्हटलं.

तिने पुढचे दिवस डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं आणि चवथ आटोपताच बोलावून घेतलं. टाके ठीक होते. आत काय झालंय ते मात्र हाड धरल्यावरच कळणार होतं. ते महिने मी ड्रायव्हरांशी इतकी हळू बोलत होते की त्यांना वाटलं, माझी बदली ठरली आहे.

शेवटी नवा एक्स-रे निघाला. डॉक्टरणीने तो उजेडात धरला, जुना शेजारी धरला, परत नवा धरला. मी खुर्चीचा हात घट्ट पकडून बसले होते.

"मागे थोडी पूड सरकली आहे," ती म्हणाली. "पण खाली धरलंय छान. मागचा स्क्रू आखूड घालू. दोन्ही बसतात."

मी हात सोडला. तिने कॅलेंडर पुढे ओढलं, मार्चमधल्या होळीवर बोट ठेवलं आणि थांबली.

"शिगम्यात तुमच्याकडच्या बायका काय करतात, ते आधी सांगा."