गाडीचं पांघरूण

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. आता निवृत्त झाले, पण कापडाचा उरलेला तुकडा दिसला की तो कशाला तरी पांघरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. फ्रिजला चादर, मिक्सरला चादर, सिलिंडरला चादर, टीव्हीच्या रिमोटला तर शिवलेलं झबलं. पाहुणे जरा जास्त वेळ बसले की मला त्यांची काळजी वाटते.

अशा घरात जुनी का होईना, गाडी आली ती ताईसाठी. माझी थोरली बहीण मोहोळला दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी येणार हे ठरलेलंच होतं. पण मे महिना, त्यात तिला एसटीत चक्कर आली, आणि तिच्या सासूबाईंनी फोनवर निकाल देऊन टाकला.

"एसीची गाडी आणणार असाल तर या. न्हायतर हितं बी दवाखाने हायत की. आन् अमावस्या लागली की मी पाठवायची न्हाय."

अमावस्या रविवारी होती. वडिलांनी छाती काढून कळवलं, "शुक्रवारी येतो. एसी लावूनच येतो."

मग ताईने बाथरूममध्ये जाऊन मला हळूच फोन केला. "काहीही कर, पण मला घरी ने गं," एवढंच म्हणाली. लहानपणापासून तिने माझ्याकडे फक्त आपल्या ओढण्या परत मागितल्या होत्या.

गाडी घरात मीच चालवते. गुरुवारी सकाळी एसी लावून पाहिला, तर गरम वारा. बाहेरचं सोलापूर कमी पडलं म्हणून की काय, तेच तापवून पुन्हा माझ्या तोंडावर मारलं जात होतं. खिडकी उघडली तर बाहेर गार वाटलं.

"दम धर जरा," शेजारी बसलेले वडील घाम पुसत म्हणाले. "निवायला येळ लागतो."

मी दम न धरता गाडी थेट विजापूर वेशीजवळच्या, गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे नेली. त्यांनी झोतासमोर हात धरला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. "गॅस गया," त्यांनी जाहीर केलं. मग मीटर लावून पाहिलं, तर गॅस जागच्या जागी. उस्ताद जराही ओशाळले नाहीत. "तो फिर अंदर का मामला है. डॅशबोर्ड खोलना पडेगा. गाडी सोमवारपर्यंत ठेवा हितं."

सोमवारी म्हणजे अमावस्या उलटून गेलेली, आणि ताई मोहोळलाच. मी गाडी विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. वडील मात्र गाडीच्या पुढच्या जाळीकडे बघत उभे राहिले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"उस्ताद," ते खाकरले, "गाडीला पुढनं, जाळीच्या आत, काय घातलं असलं तर चालतं का?"

"क्या घातलं?"

"कापड."

"कितीसं?"

"लई न्हाय. दुहेरी."

उस्तादांनी बॉनेट उघडून जाळीमागे हात घातला आणि अख्खी वस्तू बाहेर ओढली. सोलापुरी चादरीचा तुकडा, मोराच्या नक्षीचा, कडा शिवलेल्या, चारी कोपऱ्यांना बांधायला नाड्या.

"मंद्रूपच्या बाजाराला गेलो की कडब्याचा भुस्सा आत जात हुता," वडील म्हणाले. "आतली बारीक जाळी खराब हुईल म्हणलं."

"चाचा," उस्ताद कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वही जाळी गरमी बाहर फेकती. उसको हवा नको? भर मे महिन्यात चादर ओढाके सुलाये तुम गाडी को!"

दुकानातले सगळे हसले. मी एक जळजळीत भाषण तयार केलं होतं. पण वडील तो तुकडा बॉनेटवर ठेवून कोपऱ्याला कोपरा जुळवत घडी घालत होते.

"पोरगी तितंच राहिली असती की गं, माझ्यापायी," ते म्हणाले. मला त्यांची फार माया आली, आणि त्या मायेचाही राग आला. भाषण वाया गेलं.

शुक्रवारी मोहोळला ताईच्या आधी सासूबाईच बाहेर आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, दार लावलं, झोतासमोर हात धरला. "गार हाय की," त्या म्हणाल्या. आणि उतरल्याच नाहीत. "आणखी जरा बघते," म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदरही खाली घेतला. आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे. घरातून चहा उतू गेल्याचा वास आला, तेव्हा कुठे बाई हलल्या.

ताई मागे बसली, मी गाडी काढली. मोहोळ मागे पडलं तशी ती हुंदका देऊन रडली, मग हसली. थोड्या वेळाने आरशात पाहिलं तर तिने पाय सीटवर घेतले होते.

"एसी कमी कर ना जरा," ती म्हणाली. "थंडी वाजतीय."

माझा हात बटणाकडे जायच्या आत वडील सीटखाली वाकले. मोराचा तुकडा धुऊन, घडी करून आणला होता. ग्रीसचा डाग तेवढा गेला नव्हता. मागे वळून त्यांनी तो तिच्या पायांवर पसरला, कडा नीट खोचल्या, आणि समोर बघत ताठ बसले.

"तरी मी म्हणतच हुतो," ते म्हणाले, "चादर लागतीच."