चंद्रभागाबाईंनी सांगितलेलं नाव

मोरीत पाय घसरला, असं चंद्रभागाबाईंनी दवाखान्यातल्या डॉक्टरला सांगितलं. आपल्याकडच्या मोऱ्या बायका सांगतात तेवढ्या निसरड्या असत्या, तर हाडांच्या डॉक्टरांना दुसरं काम उरलं नसतं. त्या डॉक्टरलाही हे ठाऊक असावं. त्यानं उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं मंजुषाताई बसत. घरच्यांचा मार खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मदत करायची, हेच त्यांचं काम.

बाईंचं वय बहात्तर. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती तोडण्यात आणि पाट्या बाजारात पोहोचवण्यात सारा जन्म गेलेला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा संतोष सातपूरच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. आधी आवाज चढला, मग ताटं भिरकावली जाऊ लागली, मग हात उठला. पहिल्यांदा आईवर हात टाकला तेव्हा त्याचं त्यालाच कापरं भरलं होतं. पुढं त्याला सवय झाली. सवय तर बाईंनाही झाली, आणि खरी बोंब तीच. या खेपेला कारण काय, तर नातीचा, दिशाचा, अभ्यास चाललाय, टीव्ही बारीक कर, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं मनगट धरलं आणि पिरगाळलं.

"आजी, मोरीचं राहू द्या," मंजुषाताई म्हणाल्या. "घरात कोण मारतं?"

बाईंना फक्त कुठंतरी आडवं व्हायचं होतं. पोराचं सांगायचं म्हणजे आपण काय वाढवलं, तेच चव्हाट्यावर मांडायचं. ते काही तोंडातून निघेना.

"सून," त्या म्हणाल्या.

मंजुषाताईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. सुनेविरुद्धच्या तक्रारीबद्दल बोलायचंय, सोमवारी तिघांनी यावं, असा निरोप घरी आला.

निरोप ऐकून संतोषला जो आनंद झाला, तो बघवत नव्हता. बऱ्याच दिवसांनी त्यानं आईला हाक मारून जेवायला बोलावलं. "सोमवारी लिहूनच देतो ना मी," तो घास चावत म्हणाला. "हिला नि पोरीला नामपूरला, माहेरी धाडून देतो, कायमचं. तुझा जाच संपला बघ, आई."

त्याची बायको योगिनी तव्यावरची भाकरी उलटत होती. ती ऐकत होती, आणि बाईंना ठाऊक होतं की ती ऐकतेय. हात मोडल्यापासून बाईंना अंघोळ घालायची ती, दुधात भाकरी कुस्करून द्यायची ती. दोनदा तर मध्ये पडून तिनं स्वतःच्या पाठीवर मार झेलला होता. ती माहेरी गेली की या घरात उरणार कोण? आपण आणि संतोष. बाईंनी ताट बाजूला सारलं.

अजूनही खरं सांगून टाकावं, असं चार दिवस रोज वाटलं. रोज जीभ जड झाली. इतकं थकलेलं माणूस खरं तरी कुठल्या जोरावर बोलणार?

सोमवारी सकाळी योगिनीनं नेहमीसारखी त्यांची वेणीफणी केली. गुंता हलक्या हातानं सोडवला, तेल लावलं, अंबाडा बांधला. तिनं केस ओढले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

मंजुषाताईंच्या खोलीबाहेर संतोष पुढं झाला. "आईला ऐकू कमी येतं. मी सांगतो ना सगळं."

"मला मोठ्यानं बोलता येतं," मंजुषाताई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसा." त्यांचा चेहराही असल्याच बोलण्यांनी शिणलेला होता.

दार लागलं. बाईंनी पदर तोंडाला लावला, काढला.

"मी खोटं बोलले, ताई. सुनेनं कधी बोट नाय लावलं मला."

"वाटलंच होतं मला."

"मंग लिव्हलं कशाला?"

"तुम्ही सांगाल तेच लिहावं लागतं, आजी. माझे अंदाज नाही लिहिता येत." त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "आता खरं सांगा. मारणाऱ्याचं पूर्ण नाव."

पूर्ण नाव म्हणजे मधे बापाचं नाव आलं. नवऱ्याचं नाव बाईंनी जन्मात उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. तो गेल्यावर तर तेही नाही. ते असं, या कागदावर घ्यावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं असेल? डोळे भरून आले. पण त्या थांबल्या नाहीत.

"संतोष सावळीराम काकड. माझा पोरगा हाय त्यो."

मंजुषाताईंनी लिहिलं. मग विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग घराबाहेर तुम्ही नाही जायचं, आणि तुमच्या सुनेनंही नाही. त्याला बाहेर काढायला आपण प्रांत अधिकाऱ्यांकडं अर्ज करू. तोवर पोलिसातल्या मॅडम घरी येऊन जात राहतील. आज त्याला इथंच बसवून ठेवते. तुम्ही दोघी निघा."

त्यांनी योगिनीला आत बोलावून सगळं सांगितलं. योगिनीनं एवढंच विचारलं, "माझं नाव खोडलं का?" मंजुषाताईंनी आधीच्या कागदाला नवा जबाब जोडलेला दाखवला. तिनं तो उभ्याउभ्या वाचला, दोनदा.

रिक्षात एका हातानं बाईंना चढता येईना. योगिनीनं आतून हात दिला, पण मान वळवून बाहेरच बघत राहिली. रिक्षा पंचवटीतून मखमलाबादच्या रस्त्याला लागली, तेव्हा बाईंना राहवेना.

"चुकलं गं माझं. डोकंच ठिकाणावर नव्हतं."

"डोकं ठिकाणावर होतं, आत्याबाई," योगिनी शांतपणे म्हणाली. "माझ्यावर ढकललं तर समद्यांना लगेच पटेल, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं."

बाईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर सरळ केला. नाही म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाल्या, "हो. ठाऊक होतं."