नकाशा कुणी काढला

सासरे अंथरुणाला खिळले आणि तिची आर्किटेक्टच्या ऑफिसातली नोकरी सुटली. इमारतींचे आराखडे काढण्यात तिचा हात चांगला बसला होता. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, औषधं, आणि सासऱ्यांची कूस बदलायच्या वेळा एवढंच उरलं. नवरा बोटीवर नोकरीला, तो बहुतेक फोनवरच भेटायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी सासऱ्यांजवळ बसायला शेजारणीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत.

धाकटा दीर त्याच घरात राहायचा, पण दिवसभर बाहेर असायचा. त्याला एका खेळाचं वेड होतं. मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि फासे टाकत पुढे सरकायचं. अशा गोष्टींना नकाशे लागतात. "वहिनी, एक काढून दे ना," तो म्हणाला.

तिने जमिनीखालचा एक तुरुंग काढला. सासऱ्यांचा डोळा लागला की ती स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरायची. कोठड्या, पाण्याचं टाकं, पहारेकऱ्यांची खोली, वळणावळणाचे जिने. काढताना कितीतरी दिवसांनी तिला घराचा विसर पडला.

दिराने गोष्ट आणि नकाशा मिळून एक पुस्तिका केली आणि खुल्या परवान्याखाली इंटरनेटवर टाकली. कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. फक्त ज्याचं काम त्याचं नाव द्यावं आणि काय बदललं ते लिहावं. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं होती. टायपातल्या चुका शोधणाऱ्या मित्राचंसुद्धा. तिचं नव्हतं. नकाशाही दिराच्याच नावावर होता.

"अगं, घरच्या माणसाचं कसलं नाव? तू काय परकी आहेस?" दीर हसत म्हणाला.

मग तिने तोच नकाशा मोठा करून, 'तिरकी रेघ' या टोपणनावाने, स्वतःच एका वेबसाइटवर टाकला. दोन दिवसांत खाली कुणीतरी लिहिलं, "हा पुस्तिकेतून उचललाय. मूळ माणसाचं नाव द्या, नाहीतर काढा." त्याच्या मागून बाकीचे तुटून पडले. चोर म्हणाले.

"भाऊजी, एक ओळ लिहा तिथे, नकाशा माझा आहे म्हणून."

"आता लिहिलं तर माझी काय पत राहील? त्यापेक्षा तूच खाली माझं नाव टाक. वाद मिटेल. घर तर एकच आहे."

तिला ओरडावंसं वाटलं. पण सासऱ्यांना उचलायला दीरच लागायचा, तिच्या एकटीच्याने ते हलत नसत. संध्याकाळी दोघांनी चादरीची दोन-दोन टोकं धरली, "हं, उचल," तो म्हणाला, आणि तिने उचललं.

तिने त्याचं नाव टाकलं नाही. वेबसाइटवाल्यांनी नकाशा काढून टाकला.

पुढे दिराला दुसऱ्या भागासाठी नकाशा लागला. ती नाही म्हणाली.

"घरात इतकं हिशेबी वागायचं?"

"चुका शोधणाऱ्याचं नाव तुम्ही दिलंत, कारण तो परका," ती भांडी पुसतापुसता म्हणाली. "मग मलाही परकी करा."

दोन-चार दिवस तो मान खाली घालून जेवला. मग त्याने पुस्तिका सुधारली. 'नकाशा: तिरकी रेघ', आणि खाली, आधी हे नाव द्यायचं राहिलं ही चूक माझी. वेबसाइटवाल्यांनाही त्यानेच कळवलं. नकाशा परत आला.

पण जुन्या पुस्तिकेवरून कितीजणांनी आपापल्या पुस्तिका केल्या होत्या, आणि तिथे नकाशा दिराच्याच नावावर फिरत होता. तिने एकेकाला लिहिलं. काहींनी दुरुस्ती केली, काहींनी उत्तरच दिलं नाही. वाटलेलं परत गोळा करता येत नाही हे तिला कळून चुकलं.

एका अनोळखी गटाने मात्र आपणहून कळवलं: "मूळ नकाशा: तिरकी रेघ. आम्ही केलेले बदल: पहारेकऱ्यांची खोली मोठी केली, मागचा जिना काढून टाकला." जिना गेल्याचा तिला राग आला. आता आतली माणसं बाहेर कुठून पडणार? तरी ती ओळ तिने नवऱ्याला फोनवर वाचून दाखवली.

"तिरकी रेघ म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"हो का? बरं, बाबा जेवले का?"