किल्ली खिळ्यावर

मुग्धा, हातातलं काम ठेव आणि आधी ऐक. आत्ताच खोर फक्कानच्या जुन्या रोडवरून घरी आलेय, हेल्मेटने केस चपटे झालेत तसेच आहेत. आमच्या काकांच्या बारला आज टाळं लागलं. काका-काकू उद्याच्या फ्लाइटने कायमचे गावी चालले. जायच्या आधी काकांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती नेमकी माझ्या मुठीत होती.

पण सुरुवातीपासून सांगावं लागेल. त्या जागेचे किस्से म्हणजे गॅरेजमधला नट-बोल्टचा डबा. एक शोधायला जा, दहा हाताला लागतात.

*

तर तो बार नव्हताच. शारजात दारू कुठली! वेंगुर्ल्याचे शिरीषकाका आणि सुमनकाकू, त्यांचा डोंगरातला साधा कॅफेटेरिया. समोर एक टायरवाला, बाकी सगळ्या शेळ्या. दुबईतल्या कुठल्याशा हॉटेलचा बार मोडीत निघाला, तेव्हा काकांनी तिथलं लाकडी काउंटर, सहा उंच स्टुलं आणि बियरचे ग्लास उचलून आणले. त्या ग्लासांतून काकू सोलकढी द्यायच्या. झालं, बाइकवाल्यांनी 'बार' नाव पाडलं.

मग नवा हायवे आला, डोंगर फोडून बोगदे काढले आणि जुना रोड खलास. ट्रक गेले, फॅमिल्या गेल्या. उरलो आम्ही, कारण बाइकवाल्याला वळणं लागतात ना. काका म्हणायचे, "शहाणे सगळे बोगद्यातून गेले. तुम्ही तेवढे आलात."

*

आमच्या बाइकवाल्यांतला दुबईच्या अल कुसैसचा प्रसाद एकदा नाइट शिफ्ट संपवून थेट तिथे गेला. उभ्या उभ्या चहा मारला, निघाला, आणि तिसऱ्या वळणावर त्याला डुलकी लागली. खांद्याचं हाड मोडलं. काकांनीच पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलला नेलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरमागे एक फळी आली, तिच्यावर खिळे. आलास की किल्ली खिळ्यावर. परत हवी तर दोन ग्लास पाणी प्यायचं, काहीतरी खायचं आणि स्टुलावर बसून समोरच्या टायरवाल्याच्या बोर्डावरचा फोन नंबर मोठ्याने वाचायचा. अडखळलास की किल्ली नाही.

प्रसाद अजून म्हणतो, "हाड माझं मोडलं, कायदा यांचा झाला."

*

मी पहिल्यांदा गेले ना, तेव्हा आदल्या रात्री तीनच तास झोपले होते. नंबरातले दोन आकडे चुकले. काकूंनी हाताला धरून आतल्या कॉटवर झोपवलं. इकडे घरून, अल बर्शाहून, आईचे फोनवर फोन. शेवटी काकूंनी उचलला.

"झोपलीय हो ती. उठली आणि नंबर नीट वाचला की पाठवते."

आई आजही विचारते, कसला नंबर?

*

राशिद म्हणजे इथलाच, एमिराती. बाइक एवढी मोठी की पार्क केली की दुकानात अंधार. पहिल्या दिवशी किल्ली द्यायला तयारच नाही. "काका, ये मेरा मुल्क है."

काकांनी हात पुढे केलेलाच. "मुल्क आपका, कील मेरी."

राशिदने किल्ली काकांच्या हातावर ठेवली, मग बसला, तीन घावणे खाल्ले. तेव्हापासून बाइकवरून उतरायच्या आधी ओरडतो, "यल्ला काका, चाबी लो."

*

आणि तो गोरा! दुपारचा आला, स्टुलावर बसला आणि बियर मागितली. काकूंना वाटलं, ग्लासाकडे बोट दाखवतोय. सोलकढी दिली. त्याला आवडली. तीन ग्लास प्यायला, मग गंभीर झाला, खिशातली दुसरी किल्लीसुद्धा काढून काकांना दिली आणि म्हणाला, तीन झाले, आता मी चालवणं बरोबर नाही. तासभर डोकं टेकून झोपला.

काकू म्हणाल्या, "सांगूया का त्याला?"

काका म्हणाले, "नको. चांगली सवय आहे."

*

आता आजचं. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन गावी ठरलंय, म्हणून तर दुकान बंद. त्यांची स्वतःची जुनी बाइक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. लग्न झाल्यावर दर शुक्रवारी तिच्यावरून दोघं खोर फक्कानच्या समुद्रावर जायचे. आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर महिनाभर खपून ती गुपचूप दुरुस्त केली. फेअरवेल गिफ्ट! आज सकाळी किक मारली, पहिल्या झटक्यात सुरू. काका लहान मुलासारखे हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, राशिदने तर डोळे पुसले.

त्याआधीच काकांनी मला काउंटरमागे उभं केलं होतं. "आज फळी तू सांभाळ." त्यांच्या बाइकची किल्लीही खिळ्यावर लागली, नियम म्हणजे नियम.

नाश्ता झाला. काका स्टुलावर बसले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, "एकदा समुद्र बघून येतो. दे किल्ली."

मी किल्ली काढून मुठीत धरली आणि म्हटलं, "काका, नंबर."

काकांनी रस्त्यापलीकडे बघितलं आणि एका दमात अख्खा नंबर म्हटला. एकही आकडा चुकला नाही. परत टाळ्या!

मी आपली खात्री करायला मान वळवली. टायरवाला गेल्या महिन्यात दुकान बंद करून गेलाय, हे सगळ्यांना माहीत होतं. पण या दोन दिवसांत बोर्डही उतरवून नेलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथे नुसती लोखंडी चौकट, आणि तिच्यातून मागचा डोंगर दिसत होता.

काका हात पुढे करून उभे. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी साडीचा पदर खोचलेला, डोक्यावर प्रसादचं हेल्मेट. त्यांनीही ती चौकट बघितली होती, मला कळलं. जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दे गं. मागे बसून रस्ता मी वाचत जाईन."

मुग्धा, खरं सांग. तू काय केलं असतंस?