खडीच्या भुकटीचा जोकर

नातवाच्या मोबाईलमधल्या गेममध्ये एक जोकर सुरा घेऊन पोरांच्या मागे धावतो. पांढराफटक चेहरा, रक्ताळलेलं तोंड. काल ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. जोकरचं असं भूत कुणी केलं?

बहात्तरच्या दुष्काळात सोनईजवळ रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायची. बाभळीला बांधलेल्या झोळीत धाकटा भाऊ. भुकेनं रडून रडून त्याचा आवाज बसला होता. शेजारी तमाशातला एक सोंगाड्या खडी फोडायचा, फड बंद पडला म्हणून आलेला. त्या दुपारी त्यानं हातोडा खाली ठेवला, खडीची भुकटी तोंडभर फासली, नाकाला लाल माती लावली आणि झोळीपुढं बेडकागत उड्या मारल्या. भाऊ खुदकन हसला. तापल्या दगडांच्या त्या वासात बायाही हसल्या.

तेवढ्यात छत्री धरून मुकादम आला. "हसायला येतोस व्हय रं हितं? चल, नीघ! उद्यापासून तोंड दावू नको."

"आवो, पोरगं रडत हुतं म्हनून..." आई म्हणाली.

"तुला बी जायचंय का?"

आईनं पुन्हा हातोडा उचलला. सोंगाड्या तोंड न पुसताच निघाला. वळणापर्यंत मुद्दाम धडपडत, लंगडत गेला. भावाचं हसू मोडू नये म्हणून.

"आजी, हा व्हिलन आहे," नातू सांगत होता.

"बंद कर ते! व्हिलन मी पाहिलाय. आम्हाला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा त्याचं तोंड रोज स्वच्छ धुतलेलं असायचं."